आंधळ्या गवयाची तबकडी

दारोदार पणत्या लागल्या, की मला टेक्सासचा एक आंधळा गवई आठवतो. ब्लाइंड विली जॉन्सन रस्त्याच्या कडेला गिटार वाजवून देवाची गाणी गाई. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस शहरी त्याने ‘डार्क वॉज द नाइट’ ही तबकडी दिली. तीत शब्द नाहीत. नुसता हुंकार आणि त्याला तारांचा जबाब. ब्लूजचे सारे दुःख त्यात उतरले आहे. १९४५ साली बिचारा दारिद्र्यातच वारला.

परंतु १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात धाडली, तिच्यावर हा हुंकार आहे. आणि त्याच्या लगेच आधी आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी! दोन्ही सूर आता ग्रहमालेच्या पलीकडे गेले आहेत. वाचकहो, रात्रीचे दुःख सांगायला शब्द लागत नाहीत, हेच खरे.