काचेवरचे आकाश आणि हलका हात

दीर्घिकांची रंगीत छायाचित्रे आता भिंतीवरच्या दिनदर्शिकांवरही येतात. काळेकुट्ट आकाश, भगवा गाभा, निळेशार बाहू. ती पाहून मुले विचारतात, ‘सर, हे खरंच असं आहे का?’ प्रश्न जुनाच आहे.

एम ५१ या तेजोमेघाचे चित्र जॉन हर्शेल यांनी काढले तेव्हा त्यांना गाभ्याभोवती दुभंगलेले कडे दिसले होते. १८४५ मध्ये आयर्लंडातील बर येथे लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची दुर्बिणीतून तोच तेजोमेघ पाहिला आणि कागदावर भोवऱ्यासारखे वळसे उतरविले. दोघेही प्रामाणिक. मग वाचकाने विश्वास कोणाच्या डोळ्यावर ठेवायचा?

छायाचित्रणाने हा पेच बराचसा सोडविला. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी लिव्हरपूलजवळ २० इंची दुर्बिणीतून देवयानीचे छायाचित्र घेतले. त्यात तिचे वळसे प्रथमच उमटले. रॉबर्ट्स यांना मात्र तिथे जन्माला येणारी सूर्यमाला दिसली! काच खरे बोलत होती, अर्थ चुकला होता. १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या काचेवर देवयानीतील एक रूपविकारी तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली.

पण काचेचीही एक अडचण होती. गाभा इतका तेजस्वी आणि बाहेरचा भाग इतका मंद, की एकाच छपाईत दोन्ही येत नसत. यावर खरे काम केले डेव्हिड मालिन यांनी. मूळचे रसायनतज्ज्ञ असलेले मालिन १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत दाखल झाले. मूळ काचेवरून ते मुद्दाम धूसर आणि फिकी अशी उलट प्रत काढीत. ती काचेला जोडून छपाई केली, की गाभ्याचा भडकपणा दबे आणि त्यातले बारकावे उघडे पडत. युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. छायाचित्रणात ती आधीपासून होती. संगणकावरच्या ‘अनशार्प मास्क’चे नाव तिच्यावरूनच आले. मंद भागासाठी त्यांनी दुसरा मार्ग धरला. अंधूक प्रकाशाचे कण काचेवरील लेपाच्या वरच्या थरात उमटतात. विखुरलेल्या प्रकाशात, तीव्र छटाभेदाच्या फिल्मवर प्रत काढून ते तेवढेच उचलीत.

आमच्या गावांतल्या जुन्या फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसत. गिऱ्हाईक खूश होई, पण आजोबांचा चेहरा थोडा परकाच होई. मालिन यांच्या पद्धतीत पेन्सिल नाही. एक छटा दाबली, दुसरी उचलली, इतकेच.

संगणकाने हे काम सोपे केले आणि हात जड झाला. धार अती वाढविली की ताऱ्यांभोवती काळी वलये येतात. पार्श्वभूमी निखळ काळी करताना दीर्घिकेचा मंद पदरच कापला जातो. वास्तविक रात्रीचे आकाश कुठेही पूर्ण काळे नसते. वातावरणाची स्वतःचीही थोडी प्रभा असते.

१९७९ मध्ये कन्या राशीतील एम ८९ या साध्या, गोलसर दीर्घिकेभोवती मालिन यांना अतिशय मंद कवचे दिसली. असे काही लेपातल्या डागामुळेही भासू शकते. म्हणून एकाच भागाच्या अनेक काचा एकमेकींवर छापण्याची रीत ते वापरीत. डाग दुसऱ्या काचेवर त्याच जागी येत नाही, खरा उजेड प्रत्येक काचेवर तिथेच असतो. याच मंद उजेडाच्या शोधात १९८६ मध्ये एक पुसटसा ठिपका हाती लागला. वर्णपट घेतल्यावर ती शंभर कोटी प्रकाशवर्षांपलीकडची, आपल्या आकाशगंगेहून कितीतरी मोठी दीर्घिका निघाली. तिला ‘मालिन १’ हे नाव मिळाले.