जांभळ्यापासून तपकिरीपर्यंत

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग ओळखायला पॅथॉलॉजिस्ट आजही आधी एका झाडाचाच आधार घेतो. मेक्सिकोच्या कँपेचे भागातल्या लॉगवूडमधून हिमॅटॉक्सिलिन मिळतं. त्यानं पेशीकेंद्रं जांभळी होतात आणि जोडीच्या इओसिननं बाकी सगळं गुलाबी. ही जोडी १८७६पासूनची. लेनिनग्राडच्या यान बोखमन यांनी १९८३मध्ये या कर्करोगाचे दोन प्रकार पाडले: स्थूलपणा आणि इस्ट्रोजेनशी नातं असलेला, बहुधा मवाळ; आणि दुसरा आक्रमक. मांडणी सुटसुटीत होती, जरा जास्तच. उग्र दिसणाऱ्या गाठींवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नसे.

आनुवंशिकतेचा एक दुवा मात्र फार आधी हाती आला होता. १८९५मध्ये मिशिगनच्या ॲन आर्बरमध्ये एक शिवणकाम करणारी बाई पॅथॉलॉजिस्ट डॉ. वॉर्थिन यांना म्हणाली, आमच्या घरात सगळे कर्करोगानं जातात, मीही जाणार. ती गर्भाशयाच्याच कर्करोगानं गेली. तिच्या घराण्यातला एमएसएच२ जनुकातला बिघाड सापडायला २००० साल उजाडलं.

तो बिघाड आज रंगातूनच कळतो. हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४१मध्ये अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला. पुढे त्या जागी तपकिरी आला. बिघडलेल्या एमएसएच२ची स्लाइड पाहा: गाठीची पेशीकेंद्रं फिकी निळी, शेजारच्या निरोगी पेशींची तपकिरी. शेजारीही कोरे असतील, तर रंगच नीट चढलेला नाही, स्लाइड पुन्हा करायची. पी५३ या दुसऱ्या जनुकाचा प्रकार आणखी चकवणारा. तुरळक तपकिरी ठिपके म्हणजे ठीक. सगळीकडे गडद तपकिरी वाईट, आणि एकही ठिपका नसणं तितकंच वाईट. नवशिका हमखास इथे फसतो.

२०१३मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलासनं ३७३ गाठींचे जनुक तपासून चार गट केले. एवढी तपासणी रोजच्या लॅबला कुठली परवडायला? व्हँकूव्हरच्या संशोधकांनी मग त्यातलं बरंचसं काम या तपकिरी स्लाइडींवर आणलं. खरी हुशारी मला तिथेच दिसते.

अडलं ते त्यातल्या एका गटाची ओळख असलेल्या पोल या जनुकापाशी. त्याच्या बिघाडासाठी खात्रीचा रंग नाही, जनुकाचा क्रमच वाचावा लागतो. अशा गाठी सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसतात, पण रुग्ण बहुतेक उत्तम राहतात. म्हणून फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२३च्या वर्गीकरणात गर्भाशयापुरती मर्यादित पोल-गाठ, दिसायला कितीही उग्र असली, तरी पहिल्याच टप्प्यात बसते. पोल आणि पी५३ दोन्ही बिघडलेले आढळले, तर पोलचंच ऐकतात.