गोड विषाचा माग

आमच्या राहूत गोडाचं कौतुक नाही. चहूकडे ऊस, हंगामात गुऱ्हाळं. पण डायइथिलीन ग्लायकॉल नावाच्या एका गोड द्रवाचा इतिहास मी शोधायला लागलो तो २०२५ च्या ऑक्टोबरात. खोकल्याचं सिरप प्यायलेली छिंदवाड्याची मुलं किडन्या निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येत होती.

हे महाराष्ट्राने आधी पाहिलेलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतला, डोळ्यातला दाब उतरवायला रुग्णांना ग्लिसरीन पाजत. त्यात हाच कारखान्यात वापरायचा द्रव मिसळलेला निघाला. दोन्ही रंगहीन, दाट, गोड. जिभेला फरक कळत नाही. १४ जण गेले. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांची लक्तरं काढली. आरोग्यमंत्री भाई सावंतांना राजीनामा द्यावा लागला.

दोषी सापडले, पण किडनी नेमकी कशाने मेली? १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रवाने शंभरावर बळी घेतले होते, तरी हे कोडं सुटलं नव्हतं.

आपण गिळलेल्या गोष्टीचं शरीर रूपांतर करतं. त्यातून बनणारे रेणू म्हणजे मेटाबोलाइट. नेहमीच्या तपासणीतलं क्रिएटिनिनही त्यातलंच, पण ते वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, आणि कशामुळे झालं हे ते सांगत नाही. मग रक्त-लघवीतले इतर रेणू एकेक करून ओळखायचे, मोजायचे. २०१० च्या सुमारास लुइझियानातल्या संशोधकांनी असा माग काढला. दारू पचवणारं यकृतातलं एन्झाइमच या द्रवाचं डायग्लायकोलिक आम्ल बनवायला सुरुवात करतं, आणि ते किडनीच्या नलिकांतल्या पेशी मारतं. एन्झाइम वेळीच रोखलं तेव्हा उंदरांच्या किडन्या वाचल्या.

माणसातला पुरावा पनामातून आला. तिथे २००६ मध्ये खोकल्याच्या सरकारी औषधातून अशीच विषबाधा झाली होती. रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने नंतर तपासले, तर त्यांत तेच आम्ल होतं. जे. जे.च्या रुग्णांसाठी हे उत्तर पंचवीस वर्षं उशिरा आलं.

छिंदवाड्याच्या मुलांसाठी ते तयार होतं. पण डॉक्टरला विषाचा संशय येईपर्यंत यकृताचं काम उरकलेलं असतं. त्या सिरपमध्ये हा द्रव ४८ टक्क्यांवर निघाला. मर्यादा आहे ०.१ टक्के. एवढं पकडायला नवं विज्ञान कशाला हवं?

परवा भाचीसाठी आणलेली बाटली उलटीपालटी करून पाहिली. बॅच नंबर आहे, तारीख आहे, किंमत आहे. औषधात ओतलेलं पिंप कुणी तपासलं, ते कुठेच नाही.