लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या इतर औषधांसोबत कशा घ्याव्यात?

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. राज्यातील इतर गावांप्रमाणे इथल्या गरोदर महिलांनाही सरकारी आरोग्य सेवेतून दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या जातात. लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून ती रोज एक घ्यायची असते. कॅल्शियमची 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असते.

एकत्र का घेऊ नयेत?
कॅल्शियममुळे लोह शरीरात कमी शोषले जाते. म्हणून कॅल्शियम जेवणासोबत आणि लोहगोळी जेवणानंतर किमान दोन तासांनी घ्यावी. लोहगोळी चहा, कॉफी किंवा दुधासोबत घेऊ नये, लिंबूपाणी चालते. शौचाचा रंग काळा होणे सामान्य आहे. मळमळ झाली तरी गोळी परस्पर बंद न करता आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे.

कोणत्या औषधांपासून अंतर ठेवावे?
- थायरॉइडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन): सकाळी उपाशीपोटी घ्यावी. लोह व कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी.
- सिप्रोफ्लॉक्सासिन: लोह, कॅल्शियम किंवा झिंकच्या दोन तास आधी अथवा सहा तासांनंतर. अंतर न ठेवल्यास औषध पुरेसे शोषले जात नाही आणि जंतुसंसर्ग बरा होत नाही.
- डॉक्सिसायक्लिन: हिच्याही शोषणात लोह अडथळा आणते, किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावे.

केवळ अंतर ठेवून भागत नाही तेव्हा
रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांनी पोटॅशियमची पूरके किंवा पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे मीठ’ स्वतःहून सुरू करू नये. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास धोका अधिक. हायड्रोक्लोरोथायझाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत जास्त कॅल्शियम घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढू शकते.

चुन्याचे काय?
कॅल्शियमसाठी चिमूटभर चुना खाण्याचा सल्ला अनेकांना मिळतो. पण त्यातून नेमके किती कॅल्शियम पोटात जाते ते मोजता येत नाही. भट्टीतला कळीचा चुना तर तोंड आणि अन्ननलिका भाजतो. तो कधीही खाऊ नये.

लक्षात ठेवा
डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. दुकानातून आणलेली टॉनिकेही. लोहगोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. मुलाने त्या गिळल्यास लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्यावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.