हिरवा दिवा लागला नाही तर...

छोट्या विमानाची चाके पोटात घेण्याची सोय ही मुळात वेगासाठी पत्करलेली कटकट होय. बाहेर लोंबणारी चाके हवेला अडवतात. म्हणून उड्डाण होताच ती आत घ्यायची आणि उतरण्याआधी आठवणीने बाहेर काढायची. अमेरिकेतील विचिटा येथील बीचक्राफ्ट कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणलेल्या ‘बोनान्झा’ या चार आसनी विमानात हे काम विजेच्या एका मोटारीवर सोपविण्यात आले. त्यानंतर निघालेल्या अनेक खासगी विमानांनी विजेचाच मार्ग धरला. सोय झाली, पण त्याबरोबर विजेच्या उपकरणांची सारी दुखणीही आली.

बोनान्झाची रचना समजायला अवघड नाही. पुढच्या आसनांखाली मोटार व गिअरबॉक्स असतो आणि तेथून निघालेल्या सळया तिन्ही चाकांना हलवतात. चाके पूर्ण वर किंवा पूर्ण खाली पोचली की लिमिट स्विच मोटारीचा प्रवाह तोडतो. मोटार गतीच्या भरात पुढे फिरत राहू नये म्हणून तिला विद्युतमार्गानेच तत्काळ रोखणारा एक रिले असतो. तो निकामी झाला किंवा लिमिट स्विचची जुळणी चुकली, तर मोटार आतील यंत्रणा थेट अडणीवर नेऊन आदळवते आणि गिअरबॉक्सचे दाते दुखावतात. असे नुकसान बाहेरून दिसत नाही.

वैमानिकाला मात्र यातले काहीच दिसत नसते. त्याच्यासमोर असतो चाकांचा स्विच आणि आता बहुतेक विमानांत तीन हिरवे दिवे. त्यांपैकी एक लागला नाही, की पहिला प्रश्न असा : चाक बिघडले आहे की दिवा? हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे प्रवासी विमान मायामीला उतरण्याच्या बेतात असताना नाकाखालच्या चाकाचा दिवा लागला नाही. वैमानिक त्या दिव्याशी झटत राहिले. दरम्यान स्वयंचलित उंची-नियंत्रण सुटल्याचे कोणाच्याच ध्यानात आले नाही आणि विमान हळूहळू खाली येत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. १७६ जणांपैकी १०१ मृत्युमुखी पडले. चाक व्यवस्थित खाली येऊन कुलूपबंद झालेले होते. दिव्याचे बल्ब तेवढे गेले होते. ते विमान अर्थातच मोठे होते आणि त्याची यंत्रणाही निराळी होती. तरीही छोट्या विमानाच्या वैमानिकाला हा दाखला लागू पडतो, आणि त्याच्यावर तर जबाबदारी अधिकच, कारण तो बहुधा एकटाच असतो.

म्हणून आधी विमान सुरक्षित उंचीवर, ठरावीक वेगात स्थिर करायचे आणि मगच दिव्याकडे पाहायचे. अनेक छोट्या विमानांत रात्रीचे दिवे चालू केले की चाकांचे हिरवे दिवे आपोआप मंद होतात. भर उन्हात तो स्विच चुकून चालू राहिला तर तिन्ही दिवे विझल्यासारखे भासतात. ते बटण बंद करताच निम्म्या ‘बिघाडां’चा निकाल लागतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ज्या विमानांत बल्ब हाताने काढता येतो, तेथे पेटणाऱ्या दिव्याचा बल्ब न पेटणाऱ्या जागी लावून पाहतात.

दिवा ठीक असूनही मोटारीचा आवाजच येत नसेल तर विजेकडे वळावे लागते. अल्टरनेटर बंद पडून बॅटरी उतरत आली असेल, तर मोटारीला सुरुवातीला लागणारा जबर प्रवाह मिळत नाही. सर्किट ब्रेकर उडाला असेल तर तो थंड झाल्यावर एकदाच, फार तर एकदाच, पुन्हा दाबावा. दुसऱ्यांदा उडाला तर तो तसाच राहू द्यावा. ब्रेकर उगाच उडत नसतो. कुठेतरी तार उघडी पडलेली असते वा एखादा सांधा अडकलेला असतो. अशा वेळी स्विच वर-खाली, वर-खाली करीत राहण्याचा मोह घातक ठरतो, कारण अर्धवट आलेली चाके त्यामुळे कायमची अडकू शकतात.

मग उरतो हाताचा उपाय. बोनान्झात पुढच्या आसनांच्या मागे झाकणाखाली एक हँडल असते. आधी ब्रेकर बंद करायचा, चाकांचा स्विच ‘खाली’ ठेवायचा आणि हँडल घड्याळाच्या उलट दिशेने फिरेल तितके, सुमारे ५० फेरे, फिरवायचे. ब्रेकरला येथे विशेष महत्त्व आहे. वीज मध्येच परत आली तर ते हँडल गरगरा फिरू लागते आणि हाताला इजा होते. एकट्या वैमानिकाने मागे वळून ५० फेरे फिरवायचे आणि त्याच वेळी विमानही सरळ ठेवायचे, ही कसरत पुस्तकात वाचताना जाणवत नाही. मध्येच थांबलेल्याची चाके अर्धीच येतात. हाताने उतरवलेली चाके पुन्हा विजेने वर घेऊन पाहू नयेत.

‘पायपर अ‍ॅरो’चे दुखणे वेगळे. तेथे वीज पंप चालवते आणि चाके वर धरून ठेवतो तो तेलाचा दाब. दाब सोडला की ती स्वतःच्या वजनाने खाली येतात. उड्डाणात पंप मधूनमधून स्वतःच सुरू होत असेल, तर तेल कुठेतरी झिरपते आहे असे समजावे.

सारे उपाय थकले आणि चाकांशिवाय उतरावेच लागले, तरी घाबरण्याचे कारण नाही. धावपट्टीवर पोट घासत थांबलेल्या छोट्या विमानातून माणसे बहुतेक वेळा धडधाकट बाहेर पडतात. प्रोपेलर वाकतो, इंजिन उघडून तपासावे लागते, खर्च मोठा येतो. पण तो विमानाचा. जीव जातो तो बिघाडाशी खटपट करताना उंची वा वेग गमावल्याने.

खरी दुरुस्ती जमिनीवरच होते. विमान जॅकवर उचलून चाके वारंवार वर-खाली करतात, लिमिट स्विचमधली धूळ व गंज पाहतात, वाकणाऱ्या जागी तुटलेल्या तारा शोधतात. जमिनीवर चाके मिटू नयेत म्हणून बसवलेला स्विच अडकल्यास उड्डाणानंतर चाके वरच जात नाहीत, तोही तपासतात. बोनान्झात आणखी एक लहानसा भाग आहे : चाके वर अडकवून धरणाऱ्या कुलपाचा रोलर. त्याला दर १०० तासांनी ग्रीस द्यावे लागते. तो कोरडा पडून जाम झाला तर मोटार ठणठणीत असूनही चाक सुटत नाही, आणि हाताचे हँडलही तेथे हतबल ठरते.