डाइक्स्ट्राचं पेन आणि आपला ‘ड्राय रन’

मागच्या वेळी आपण यंत्रांबद्दल बोललो. व्हॅक्यूम ट्यूब, भिंतभर कपाटं, पंच केलेली कार्डं असं सगळं. आज एका माणसाबद्दल बोलायचंय, किंवा खरं तर त्याच्या मतांबद्दल. मतं असलेले प्रोग्रॅमर आपल्याला नवीन नाहीत. कुठला एडिटर चांगला, कुठली भाषा टाकाऊ, यावर दोन प्रोग्रॅमर चहाच्या टपरीवर तासभर भांडू शकतात. पण ज्याची मतं पन्नास वर्षं टिकली, ज्यांच्यामुळे लोक दुखावले आणि शिकलेही, असा माणूस एकच दिसतो : एड्सखर डाइक्स्ट्रा.

आधी नावाचं बघू. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रत्येक बॅचला ‘डिजिकस्ट्रा’ भेटतो. दोन शहरांमधला सगळ्यांत जवळचा रस्ता शोधायची त्याची रीत परीक्षेला हमखास येते. डच उच्चार साधारण ‘डाइक्स्ट्रा’ असा आहे. ही रीत त्याला १९५६ साली सुचली, अ‍ॅमस्टरडॅममध्ये, खरेदी करून दमल्यावर होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पीत बसलेला असताना. वीसेक मिनिटांत. कागद नाही, पेन्सिल नाही. तो पुढे म्हणायचा की कागद-पेन्सिल नव्हती म्हणूनच ती इतकी सुटसुटीत झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढच्या वर्षी लग्न झालं. नोंदणीच्या वेळी व्यवसाय लिहायचा होता, याने ‘प्रोग्रॅमर’ सांगितलं. पालिकेने मान्य केलं नाही, असा व्यवसायच नाही म्हणून! शेवटी ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असं नोंदवलं गेलं. शिक्षण लायडनला त्याच विषयात झालं होतं, त्यामुळे खोटं काहीच नव्हतं.

आता मुद्द्याकडे येतो. १९५२पासून हा अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात कामाला होता. तिथे लोपस्ट्रा आणि स्कोल्टन हे दोघं यंत्र बांधायचे आणि हा त्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहायचा. कामाची पद्धत अशी की तिघं बसून यंत्र काय काय करेल ते ठरवायचे, कागदावर उतरवायचे. मग ते दोघं सोल्डरिंगला लागायचे आणि हा लिहायला. म्हणजे डाइक्स्ट्राची उमेदीची वर्षं अशा यंत्रांसाठी लिहिण्यात गेली, जी अजून अस्तित्वातच नव्हती. चालवून बघण्याचा प्रश्नच नाही. यंत्र तयार होईल तेव्हा प्रोग्रॅम बरोबर असला पाहिजे, आणि तो बरोबर आहे हे आधीच, डोक्याने, पटलं पाहिजे.

माझं म्हणणं असं आहे की या माणसाची जवळजवळ सगळी मतं या एका अनुभवातून निघाली आहेत.

एक प्रसंग सांगतो. एक्स-वन नावाचं पुढचं यंत्र आखलं जात होतं. लोपस्ट्रा आणि स्कोल्टनने सुचवलं की यात ‘इंटरप्ट’ ठेवू. म्हणजे काय? तुम्ही घरी हिशोब लिहिताय आणि दाराची बेल वाजते. उठायचं, दार उघडायचं, परत येऊन जिथे होतो तिथूनच पुढे लिहायचं. (डाइक्स्ट्राला असल्या उपमांचा राग होता. असो, व्याख्यान माझं आहे.) यात वाईट काय? वाईट हे की बेल कुठल्या क्षणी वाजेल ते सांगता येत नाही. नेमकी हातचा धरताना वाजली, तर चूक होईल. आणि ती चूक पुन्हा करून दाखवता येणार नाही, कारण बेल पुन्हा त्याच क्षणी वाजणार नाही. डाइक्स्ट्रा घाबरला, हे त्यानेच लिहून ठेवलंय. बाकीच्या दोघांनी त्याची स्तुती करकरून त्याला तयार केलं. त्याचा १९५९चा डॉक्टरेटचा प्रबंध याच कामावर आहे.

हजार वेळा चालवून बघितलं आणि हजार वेळा बरोबर आलं, तरी हजार एकाव्या वेळी बेल भलत्या ठिकाणी वाजू शकते. चाचणीने चुका आहेत हे कळतं, नाहीत हे कळत नाही, हे त्याचं प्रसिद्ध मत इथे जन्मलं असं मला वाटतं. ते वरवर विचित्र वाटतं, पण त्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाची ती साधी भीती होती.

या भीतीवर त्याने जे औषध काढलं ते रेल्वेतून आलं. नावसुद्धा : सेमाफोर. एकेरी रुळांवर आपल्याकडे कशी पद्धत होती आठवा. स्टेशन मास्तरकडून गोळा मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढच्या टप्प्यात नेऊ शकत नसे. गोळा एकच, म्हणून टप्प्यात गाडी एकच. संगणकातही एकाच वेळी चालणारी दोन कामं एकाच जागी हात घालू नयेत म्हणून असाच गोळा ठेवायचा. १९६२ साली तो आइन्डहोव्हनला प्राध्यापक झाला, आणि तिथे लहानशा गटाने बांधलेली ‘टी एच ई’ ही कार्यप्रणाली या कल्पनेवर उभी होती. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ती कल्पना आज या क्षणी काम करतेय.

आता हत्यारांबद्दलची मतं. मार्च १९६८मध्ये अमेरिकेतल्या संगणक संघटनेच्या मासिकात त्याचं एक पत्र छापून आलं : ‘गो-टू’ ही आज्ञा घातक आहे. त्याने दिलेलं शीर्षक बरंच सौम्य होतं. संपादक निक्लाउस विर्थने ते बदलून झणझणीत केलं, आणि मग त्याच साच्याच्या शीर्षकांची लाटच आली. पत्रातला युक्तिवाद मात्र शांत आहे. प्रोग्रॅम कागदावर स्थिर असतो, त्याचं चालणं काळात घडतं. माणसाला स्थिर गोष्टी चांगल्या समजतात, काळात धावणाऱ्या नीट समजत नाहीत. म्हणून कागदावरचं लिखाण आणि प्रत्यक्ष चालणं यांतलं अंतर कमी ठेवा. गो-टू ते अंतर वाढवतो, कारण कुठूनही कुठेही उडी.

सगळ्यांना हे पटलं नाही. डोनाल्ड क्नूथने १९७४मध्ये लांबलचक निबंध लिहून दाखवलं की काही ठिकाणी गो-टू वापरणंच शहाणपणाचं आहे. लिनक्सच्या गाभ्यात आजही चूक झाल्यावर आवराआवर करायला गो-टू सर्रास दिसतो. इथे मी क्नूथच्या बाजूने आहे.

चालू घडामोडींवरही हा गप्प बसायचा नाही. १९६४ साली आयबीएमने ‘३६०’ मालिका जाहीर केली आणि जगाने टाळ्या वाजवल्या. याला मात्र तिची रचना वाचून वाईट वाटलं, आणि ते त्याने १९७२च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं. पुढे सोव्हिएत संघाने स्वतःच्या रचना बाजूला ठेवून ३६०ची नक्कल करायला घेतली, तेव्हा शीतयुद्धातला अमेरिकेचा सगळ्यांत मोठा विजय तो हाच, असं त्याचं मत होतं. आणि गंमत बघा, त्या नकलेचं एक पोर आपल्या पवईत येऊन राहिलं. मुंबईची आयआयटी सोव्हिएत मदतीने उभी राहिली, आणि तिथे मिन्स्कनंतर जे ईसी-१०३० यंत्र आलं ते याच नकलेच्या घराण्यातलं.

आता थोडं माझं. डाइक्स्ट्राने १९७५ साली काही कडू सत्यांची यादी लिहिली. त्यात एक असं की ज्या विद्यार्थ्यांना आधी बेसिक भाषेची सवय लागली, त्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य, त्यांच्या बुद्धीला कायमची इजा झालेली असते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. कारण मी त्या इजा झालेल्यांपैकी! अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास आमच्या गावातल्या एका क्लासमध्ये मी बेसिक शिकलो. दहा, वीस, तीस असे ओळींचे नंबर, आणि पानोपानी गो-टू. मशीन दोन, मुलं चाळीस. आठवड्यातून अर्धा तास पाळी. बाकी वेळ वहीत लिहायचं आणि ‘ड्राय रन’ करायचा. म्हणजे वहीत चौकटी आखायच्या, ए किती, बी किती, एकेक ओळ आपणच मशीन होऊन चालवायची, आकडे खोडायचे, नवे लिहायचे.

बरीच वर्षं मी अभिमानाने सांगत असे की बघा, डाइक्स्ट्रा जे मुद्दाम करा म्हणतो ते आम्ही गरिबीमुळे केलं. पहिल्या अभ्यासक्रमात मुलांना यंत्र देऊ नका, हे त्याने खरोखरच म्हटलंय, १९८८च्या त्या गाजलेल्या लेखात, संगणनशास्त्र खरोखर शिकवण्याच्या क्रौर्याबद्दलच्या.

मग तो लेख मी नीट वाचला. त्यात बुद्धिबळाच्या पटाचं एक जुनं कोडं आहे. पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे कापून टाका. उरली बासष्ट घरं. एक डॉमिनो दोन घरं झाकतो. एकतीस डॉमिनोंनी पट पूर्ण झाकता येईल का? मांडून बघायला बसलात तर आयुष्य जाईल. पण विचार करा. समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात, म्हणजे एका रंगाची घरं तीस उरली आणि दुसऱ्याची बत्तीस. प्रत्येक डॉमिनो एक काळं आणि एक पांढरं घर झाकतो. मग जमणार कसं? नाही जमणार. एकही डॉमिनो न मांडता उत्तर मिळालं, आणि सगळ्याच मांडण्यांसाठी मिळालं.

हे वाचल्यावर माझा अभिमान उतरला. आमचा ड्राय रन म्हणजे डॉमिनो मांडून बघणंच होतं. वहीत केलं एवढाच फरक. मशीन नव्हतं म्हणून आम्हीच मशीन झालो होतो. तो सांगत होता ते वेगळंच : प्रोग्रॅम चालवूच नका, मनातसुद्धा नाही. त्याबद्दल सिद्ध करा. दर फेरीला कुठली गोष्ट खरी राहते ते शोधा. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. शिकवणाऱ्या सरांना तरी कुणी शिकवलं होतं? बेसिकने झाली असेल ती इजा एवढीच, असं मी आता मानतो. भाषेचा दोष त्यात निम्माच.

हा लेख डिसेंबर १९८९मध्ये इतरांच्या उत्तरांसकट छापला गेला. उत्तर देणाऱ्यांत हॅमिंग, कार्प, विनोग्राड, पार्नास अशी मोठी माणसं होती. मला स्वतःला असं वाटतं की वीस वर्षांची पोरं बोटांनी चाचपडल्याशिवाय शिकत नाहीत, आणि डाइक्स्ट्रा ते विसरला होता. पण तो स्वतः कसा शिकवायचा ते बघा. १९८४पासून तो टेक्सासमध्ये ऑस्टिनला होता. खडू आणि फळा, पाठ्यपुस्तक नाही. परीक्षा तोंडी, एकेका विद्यार्थ्याची काही तास, कधी त्याच्या घरी. एवढा वेळ देणारा मास्तर असेल तर यंत्र नसलं तरी चालेल!

एप्रिल २००१मध्ये, निवृत्तीनंतर, त्याने विद्यापीठाला पत्र लिहिलं. पहिल्या वर्षाला हॅस्केल काढून जावा आणायचं ठरत होतं. त्याने कळकळीने लिहिलं की व्हायोलिन वादकाला घडवतं तसं प्रत्येकाला त्याचं हत्यार घडवतं, तेव्हा जपून निवडा. जावा आलीच. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. मागे तेराशेच्या वर क्रमांक दिलेली टिपणं उरली. त्यांतली बहुतेक फाउंटन पेनने, जवळजवळ खाडाखोड नसलेल्या अक्षरात लिहिलेली. तो ती मोजक्या लोकांना पाठवायचा आणि ते झेरॉक्स काढून पुढे द्यायचे.

प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न इथे घेतो, कारण तो महत्त्वाचा आहे. मागे बसलेल्या ताईंनी विचारलं : आता एआयला साध्या मराठीत सांगितलं की ते प्रोग्रॅम लिहून देतं, यावर तो काय म्हणाला असता?

ताई, याचं उत्तर अंदाजाने द्यायला नको. बोलीभाषेत प्रोग्रॅमिंग करणं हा मूर्खपणा आहे, असं टिपण त्याने सत्तरच्या दशकातच लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं, चिन्हांची भाषा हे ओझं नाही, ती सवलत आहे. तिच्यामुळे शाळेतलं पोर जे करतं ते पूर्वी फक्त प्रतिभावंतांना जमायचं. गणित जोवर शब्दांत अडकलं होतं तोवर अडखळलं. बोलीभाषेत निरर्थक वाक्यसुद्धा अर्थपूर्ण वाटतं, खरी भीती त्याची.

पण १९७५च्या त्याच यादीत, बेसिकवरच्या शेऱ्याच्या शेजारी, त्याने असंही लिहिलंय की चांगल्या प्रोग्रॅमरला गणिती वृत्तीखेरीज सगळ्यांत जास्त गरज असते ती मातृभाषेवर असामान्य प्रभुत्वाची. दोन्ही मतं एकाच माणसाची. मला त्यांत विरोध दिसत नाही. काय हवंय ते आधी स्वतःला नेमकं सांगता आलं पाहिजे, ते मराठीत. मग मिळालेलं बरोबर का आहे ते दाखवता आलं पाहिजे, तिथे मराठी पुरत नाही. एआय मधला लिहिण्याचा भाग करून देतं. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी त्यानेच लिहिलेला प्रोग्रॅम देतो, मशीन बंद करायला सांगतो आणि विचारतो, हा बरोबर आहे कशावरून? बहुतेक मुलं वही काढतात आणि चौकटी आखायला लागतात.