शिस्त, शस्त आणि शिकार : झेरघाटातील हरणांच्या शिकारीचा इतिहास

प्रस्तावना

पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी बोलणारा पट्टा आज मध्य प्रदेशात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. इंग्रजी अमदानीतील वर्णनांत जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग सांगितलेले आढळतात. सातपुड्याच्या माथ्यावरील तो बालाघाट आणि डोंगराखालचा, नागपूरच्या मैदानाला लागून असलेला तो झेरघाट. फार्सीत 'बाला' म्हणजे वर आणि 'झेर' म्हणजे खाली. सौंसरचा मुलूख या झेरघाटात येतो. उत्तरेला सिलेवानीचा घाट, मधून कन्हान आणि जाम या नद्या, पूर्वेला पेंचचे जंगल. शेत आणि अरण्य यांची सीमा जिथे रोज बदलत आली, असा हा प्रदेश आहे. अशा प्रदेशात हरीण हे शेतकऱ्याला उपद्रव, अरण्यवासीयाला अन्न आणि सत्ताधीशाला शौक, असे तिन्ही असते.

शिकारीचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन टोकांनी सांगितला जातो. एका टोकाला बादशहांचा आणि साहेबांचा शौक, तर दुसऱ्या टोकाला गोंड-पारध्यांचा 'गुन्हा'. शिकारीला प्रत्येक काळात नियम होते, ही गोष्ट या दोन्ही कथनांत सुटून जाते. ते नियम कोणी केले आणि कोणावर लागू झाले, हा खरा ऐतिहासिक प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दांची साक्ष

मराठीत शिकारीसाठी दोन शब्द आहेत. 'पारध' हा जुना देशी शब्द. त्यावरून पारधी हे जमातीचे नाव आले. 'शिकार' हा फार्सी शब्द. त्याच्यासोबत तीर, कमान, तिरंदाज, निशाणा हे शब्दही मराठीत आले आणि इथलेच झाले. पण सर्वांत बोलका शब्द 'शिस्त' हा आहे. फार्सीत 'शस्त' म्हणजे अंगठा, धनुर्धराने अंगठ्यात घालायचे वळे, आणि त्यावरून नेम. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. वर्गात आपण ज्या अर्थाने 'शिस्त' म्हणतो तो अर्थ याच शब्दाचा विस्तार आहे. ज्याचा हात स्थिर, ज्याचा नेम बांधलेला, तो शिस्तीचा.

दुसरा शब्द 'लेजीम'. शाळेच्या मैदानावर आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत खुळखुळणारी लेजीम ही मुळात तिरंदाजीच्या सरावाची कमान होय. फार्सी 'लेझम' म्हणजे दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले व्यायामाचे धनुष्य. ते ओढून खांदा, दंड आणि पाठ तयार करायची आणि मग खरे धनुष्य हाती घ्यायचे, असा क्रम होता. इस्लामी जगातील तिरंदाजीच्या ग्रंथांतही हाच क्रम सांगितलेला आहे. चौदाव्या शतकातील मामलूक काळात तैबुगाने लिहिलेला ग्रंथ यांपैकी प्रसिद्ध आहे. आधी नरम धनुष्य, जवळचे लक्ष्य, अंगठ्याने दोरी ओढण्याची सवय; ताकदीचे धनुष्य आणि दूरचे लक्ष्य त्यानंतर. शिंग, स्नायू आणि लाकूड यांच्या थरांनी बनवलेले हे धनुष्य आखूड असले तरी फार जोरकस असे आणि घोड्यावरूनही चालवता येई. सराव नसलेल्या हाताला ते वाकतही नसे.

देवगडचे राज्य आणि मोगल शिकार

झेरघाटाच्या वर, छिंदवाड्याच्या दक्षिणेस देवगडचा किल्ला आहे. अबुल फज्लच्या आईन-ए-अकबरीत खेरल्याच्या पूर्वेस जाटबा या जमीनदाराचा मुलूख असल्याची नोंद आहे. त्याच्याजवळ दोन हजार स्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याचे तेथे सांगितले आहे. याच घराण्यातील बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला आणि इ. स. १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. अठराव्या शतकाच्या मध्यास हे राज्य रघूजी भोसल्यांच्या हाती गेले. १८५४ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. म्हणजे गोंड, मोगल, मराठा आणि इंग्रज अशा चार सत्तांच्या छायेत इथले जंगल राहिले.

मोगल दरबारात शिकार हे राज्यकारभाराचेच अंग मानले जाई. शिकारीच्या निमित्ताने बादशहा मुलूख पाहतो आणि रयतेची स्थिती पूर्वसूचना न देता जाणून घेतो, असे अबुल फज्लने म्हटले आहे. आईनमध्ये काळविटामागे सोडायच्या शिकवलेल्या चित्त्यांचे सविस्तर वर्णन आहे. शिंगांना जाळे बांधून रानातल्या नराशी झुंजायला सोडायच्या पाळीव हरणांचीही पद्धत तेथे दिली आहे. 'कमरगाह' म्हणजे हाकाऱ्यांचे कडे हळूहळू आवळत नेण्याची शिकार. १५७८ साली पंजाबात भेऱ्याजवळ असे कडे पूर्ण होत आले असता अकबराने ती शिकार एकाएकी थांबवून जनावरे सोडून दिली.

जहांगीरच्या आठवणींत संयम आणि अतिरेक शेजारी शेजारी दिसतात. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरे मारली किंवा धरली गेली आणि त्यांपैकी १७,१६७ आपण स्वतः मारली, असा हिशेब त्याने दिला आहे. त्याच जहांगीरने आपल्या लाडक्या हरणाच्या स्मरणार्थ आजच्या शेखूपुऱ्यात हिरण मिनार उभारला. त्या रानातील हरणांचे मांस हिंदूंना गाईसारखे आणि मुसलमानांना डुकरासारखे समजावे, म्हणजे कोणीच त्यांची शिकार करू नये, असे त्याचे फर्मान होते. नियम होता, पण तो बादशहाच्या मर्जीतून निघाला होता.

फिकहमधील शिकार

इस्लामी कायद्यातील शिकारीचे नियम बादशहाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. कुरआनच्या सूरह अल्-माइदामध्ये शिकारीला परवानगी आहे. मात्र इहरामच्या अवस्थेत जमिनीवरील जनावराची शिकार निषिद्ध आहे. तिरंदाजी शिकण्यास पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी प्रोत्साहन दिल्याचे हदीसमध्ये येते. जिवंत प्राण्याला सरावाचे लक्ष्य करण्यास मनाई केल्याचेही हदीसमध्येच येते. सराव निर्जीव लक्ष्यावर करायचा आणि जीव घ्यायचा तो गरजेसाठी, हा भेद यातून स्पष्ट होतो.

हजरत अदी बिन हातिम यांच्या हदीसमधून पुढे तपशीलवार नियम निघाले. बाण सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे. बाणाचे टोक लागून जनावर मेले तर ते हलाल. आडव्या माराने मेले तर नाही. बाण लागलेले जनावर पाण्यात मेलेले सापडले तर खाऊ नये, कारण ते बाणाने मेले की बुडून, हे सांगता येत नाही. हनफी परंपरेतील हिदाया या ग्रंथात आणखी एक महत्त्वाची अट आहे. घायाळ जनावर दृष्टीआड झाले आणि शिकारी अखंड शोध घेत राहिला, तर सापडलेले जनावर चालते. तो मध्येच बसून राहिला आणि नंतर ते मेलेले आढळले, तर चालत नाही. म्हणजे घायाळ जनावराचा माग काढणे हे येथे शिकाऱ्याचे कर्तव्य ठरते. औरंगजेबाच्या आज्ञेने संकलित झालेल्या फतावा-ए-आलमगिरीतही शिकारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. हे नियम बादशहा आणि फकीर या दोघांनाही सारखेच लागू होते, निदान ग्रंथात तरी.

माग आणि वय

धनुष्याने शिकार करणाऱ्याला जनावराच्या अगदी जवळ जावे लागे. त्यासाठी आधी रानाची पाहणी हवी. पाणवठ्याच्या चिखलातील खुरांचे ठसे, लेंड्या ताज्या की वाळलेल्या, झाडाच्या सालीवर शिंगे घासल्याच्या खुणा, सांबर लोळलेली चिखलाची जागा, हे सारे वाचता यावे लागे. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की पहाटे झाडाखाली हरणे येतात. माकडे झाडावरून पाला आणि फळे टाकतात, म्हणून चितळांचा कळप त्यांच्या आसपास राहतो आणि माकडाने इशारा दिला की तोही सावध होतो. वाऱ्याची दिशा चुकली तर बाकी सारे व्यर्थ.

नराचे वय ओळखणे ही त्याहून कठीण विद्या. काळवीट आणि नीलगाय यांची शिंगे कायमची असतात. चितळ आणि सांबर हे खरे हरीणवर्गीय. त्यांची शिंगे गळतात आणि मखमली कातड्याखाली पुन्हा वाढतात. पहिल्यांदा येते ती साधी, फाटे नसलेली टोके. पुढे प्रत्येक शिंगाला साधारण तीन टोके होतात आणि संख्या तिथेच थांबते. त्यामुळे टोके मोजून वय सांगता येत नाही. शिंगाची लांबी आणि जाडी, मानेचा भरीवपणा, अंगाचा गडद होत गेलेला रंग, चाल, यांवरून अंदाज बांधावा लागतो. भर वयात शिंगे सर्वांत मोठी असतात आणि म्हातारपणी उतरतात, म्हणून सर्वांत मोठ्या शिंगांचा नर हा सर्वांत वृद्ध असेलच असे नाही. मेलेल्या जनावराच्या बाबतीत दातांची झीज हा अधिक भरवशाचा पुरावा. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे केलेल्या अभ्यासावर आधारित ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. भारतीय हरणांच्या शास्त्रीय अभ्यासात तो मूलभूत मानला जातो.

रायफल, परवाना आणि पारधी

इंग्रजी अमदानीत सातपुड्यावर शिकारीचे विपुल साहित्य निर्माण झाले. जेम्स फॉर्सिथचा मध्य भारतातील डोंगराळ मुलखावरचा ग्रंथ १८७१ मध्ये आला. शेजारच्या सिवनीवर स्टर्नडेलचे पुस्तक १८७७ मध्ये निघाले आणि वनाधिकारी डनबार ब्रँडरचा ग्रंथ १९२३ मध्ये. या लेखकांचे निरीक्षण बारकाईचे आहे, आणि त्या काळच्या वन्यजीवनाची माहिती आज त्यांच्याकडूनच मिळते. परंतु याच काळात शिकारीचे माप बदलले. १८९२ पासून लंडनच्या रोलंड वॉर्डने शिंगांच्या लांबीच्या विक्रमांची पुस्तके काढली. नराची किंमत इंचांत होऊ लागली.

कायदाही याच सुमारास आला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना आवश्यक केला. युरोपियनांना त्यातून मोठी सूट होती. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे आणि फासे लावणे दंडनीय ठरवले. १९१२ च्या कायद्याने शिकारबंदीचे महिने ठरवण्याची तरतूद केली. या नियमांत संरक्षणाचा हेतू होता, हे नाकारता येत नाही. पण त्यांचा परिणाम विषम झाला. परवाना घेऊन रायफलीने मारलेला सांबर हा 'खेळ' आणि फाशात सापडलेले हरीण ही 'चोरी', अशी विभागणी झाली.

रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात पारध्यांचे वर्णन आहे. फासे लावणारे फासेपारधी, चित्ते धरून शिकवणारे चित्ता पारधी, असे त्यांचे भेद तेथे दिले आहेत. राजेरजवाड्यांचे चित्ते ज्या हातांनी शिकवले, ते हात नव्या व्यवस्थेत संशयास्पद ठरले. पारध्यांच्या काही गटांना गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणले गेले. १८७१ मध्ये सुरू झालेली ही कायद्याची परंपरा १९५२ मध्ये संपली, तरी त्या शिक्क्याचा त्रास संपला नाही. फाशातून मादी आणि पाडसही सुटत नाही, हे खरे आहे. पण चित्ता संपला तो फासेपारध्यामुळे, असे म्हणता येणार नाही. भारतातील शेवटचे म्हणून नोंदलेले तीन चित्ते १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानात राजाच्या बंदुकीने मेले.

१९७२ नंतर

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार जवळपास संपुष्टात आणली. पेंचचा सिवनी-छिंदवाड्यातील भाग १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. इथल्या चितळांची संख्या चांगली असल्याने त्यांतील काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि कुनोला नेण्यात आले. त्यासाठी वापरलेली 'बोमा' पद्धत आफ्रिकेतली आहे. नरसाळ्यासारख्या कुंपणातून कळपाला हळूहळू पुढे सरकवत वाहनात घेतले जाते. मोगल कमरगाहची आठवण यावी अशीच ही रचना आहे, फक्त शेवटी बंदूक नाही. २०२२ साली नामिबियातून आणलेले चित्ते कुनोला सोडले, तेव्हा काळविटामागे चित्ता सोडणाऱ्या देशाला चित्ताच बाहेरून आणावा लागला.

निष्कर्ष

वरील विवेचनातून दोन गोष्टी पुढे येतात. पहिली, शिकारीची विद्या ही निरीक्षण, सराव आणि संयम यांची विद्या होती, आणि ती गोंड, पारधी, मोगल तिरंदाज आणि इंग्रज वनाधिकारी या सर्वांकडे कमीअधिक होती. दुसरी, नियम सर्व काळी होते, पण ते मोडण्याची मुभा वरच्यांना आणि शिक्षा खालच्यांना, हा क्रम फारसा बदलला नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांना स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी या विषयात बरेच काही आहे. पांढुर्णा-सौंसरच्या विद्यार्थ्यांना आपल्या बोलीतील पारध, माग, फास, शिस्त, लेजीम अशा शब्दांची यादी करायला सांगावे आणि प्रत्येक शब्दाचे मूळ कोशात शोधायला लावावे. १९७२ पूर्वीच्या आठवणी असलेल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना मात्र त्यांची नावे लिहू नयेत. वर्गात पारधी किंवा गोंड घरातील विद्यार्थी असेल, तर त्याच्या पूर्वजांचे ज्ञान 'गुन्हा' या शीर्षकाखाली शिकवले जाणार नाही, याची काळजी घेणे ही अध्यापकाची जबाबदारी आहे. मुसलमान विद्यार्थ्यालाही हे कळले पाहिजे की त्याच्या परंपरेत जहांगीरचा आकडा आहे, तसाच घायाळ जनावराचा शोध अर्ध्यावर सोडू नये हा नियमही आहे. या दोन्ही बाजू सोबत ठेवूनच हा इतिहास शिकवावा लागेल.